‘इंग्लिशात नको, मला काय कळणार?’: आईच्या अंत्यविधीची मिस्सा कशी आखली

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आई ओट्यावर बसून सुक्या बोंबलांची डोकी कात्रीने उडवत होती. मी सहज विचारलं, “तुझ्या मिस्सेला गाणी कुठली घ्यायची गं?” (आम्ही कॅथलिक. मिस्सा म्हणजे देवळातली आमची मुख्य उपासना, अंत्यविधीलाही ती असते.) मान वर न करता ती म्हणाली, “कुठलीही घ्या. पण इंग्लिशात नको. मला काय कळणार?” मी हसले. म्हटलं, तू तर शवपेटीत असशील. “म्हणून काय झालं?” एवढं बोलून तिने पुढचा बोंबील उचलला.

पुढच्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या दिवसांत, एका शुक्रवारी रात्री ती ख्रिस्तवासी झाली. माहेर मुंबईत खाडीपलीकडच्या गोराई गावात, मी लग्न करून बोरिवलीत, धाकटा भाऊ कुवेतला. पहिल्या रात्री हातात होतं ते हे एक वाक्य, आणि बाकीचं सगळं त्याच्याभोवती जमवलं. तेव्हापासून गावातल्या चार-पाच घरी मला बोलावणं आलंय, “तू केलंस ना आईचं, जरा सांग” म्हणून. दरवेळी तेच सांगावं लागतं, म्हणून इथे लिहून ठेवते.

आधी एक खुलासा. माणूस अजून श्वास घेत असेल तर फादरांना तेव्हाच बोलवा. आजाऱ्याच्या तेलाभ्यंगाचा, म्हणजे पवित्र तेल लावून प्रार्थना करण्याचा, संस्कार जिवंत माणसासाठी आहे. ‘फादर आले म्हणजे संपलं’ या भीतीने घरचे थांबतात आणि मग उशीर होतो. मृत्यूनंतर फादर येऊन प्रार्थना करतात, संस्कार मात्र देता येत नाही. आमच्याकडे मावशीच्या वेळी हेच झालं होतं, म्हणून आईच्या वेळी मी गुरुवारीच फोन केला.

कागद आणि नावाचं स्पेलिंग

हॉस्पिटलात मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र तिथले डॉक्टर देतात. घरी झाला तर ओळखीच्या डॉक्टरांना बोलवावं लागतं. त्यांनी माणसाला तपासलेलं असलं की सोपं जातं. अपघात, आत्महत्या किंवा संशय असेल तर पोलीस आणि शवविच्छेदन आलंच. तोवर मिस्सेची वेळ कुणाला कळवू नका. मृत्यूची नोंद कायद्याने 21 दिवसांत व्हायला हवी.

आमचा घोळ झाला तो नावाचा. आईचं बाप्तिस्म्याचं नाव पोर्तुगीज वळणाचं, आधार कार्डावर त्याचं भलतंच रूप, आणि गावात तिला दोन्ही नावांनी कुणी ओळखत नव्हतं. हॉस्पिटलच्या माणसाने ऐकलं तसं तिसरंच लिहिलं. मी सही करून मोकळी झाले आणि पुढे तीन खेपा पडल्या. सही करण्याआधी आधार कार्ड समोर ठेवून एकेक अक्षर जुळवा, आणि लगेच दहा झेरॉक्स काढा. दहा म्हणजे दहा. पॅरिश (आपल्या देवळाचं) ऑफिस, सिमेट्री (दफनभूमी), महापालिका, बँक, पेन्शन, सगळ्यांना एकेक लागते.

दिवस ठरवण्याआधी पंचांग बघा, चर्चचं

भावाचं विमान रविवारी पहाटे उतरणार होतं, म्हणून आम्ही मनात रविवार दुपार धरली होती. फादर म्हणाले, “रविवारी पुरता येईल, पण अंत्यविधीची मिस्सा नाही होणार.” उपवासकाळातले रविवार, आगमनकाळातले (नाताळआधीचे) रविवार, पास्काकाळातले (पास्का म्हणजे ईस्टर) रविवार, पवित्र गुरुवारपासून पास्कापर्यंतचे दिवस आणि नाताळसारखे सक्तीचे सण या दिवशी अंत्यविधीची मिस्सा करता येत नाही. शास्त्रपाठ, प्रार्थना आणि दफन होतं. मिस्सा मग पुढे सोयीच्या दिवशी ठेवतात.

घरात वाद झाला. मामांचं म्हणणं, रविवारीच उरका, माणसांना सुट्टी असते. मी म्हटलं, आईने जन्मभर एक रविवार चुकवला नाही, तिला मिस्सेविना कशी पाठवायची? सोमवार दुपार ठरली. रविवारची रात्र घरी प्रार्थनेला मिळाली, हा त्यातला फायदा, आणि तो किती मोठा होता ते पुढे सांगते.

सहसा मिस्सा माणसाच्या स्वतःच्या पॅरिशमध्ये होते. दुसऱ्या देवळात हवी असेल तर तिथल्या फादरांची परवानगी लागते आणि आपल्या फादरांना कळवायचं असतं. आणखी एक गोष्ट, कारण अजूनही कुजबुज ऐकू येते: जीव दिलेल्या माणसाला मिस्सा नाही, हे जुनं झालं. चर्चच्या 1983च्या धर्मकायद्यात ती बंदी उरलेली नाही. फादरांशी सरळ बोला.

मिस्सा कुठल्या भाषेत

मुंबईत हा प्रश्न कुणी विचारतच नाही, आणि तिथेच चुकतं. नातवंडं इंग्रजी शाळेतली, कॉयरला (देवळातल्या गाणाऱ्यांना) इंग्रजी गाणी तोंडपाठ, छापलेली पुस्तिकाही इंग्रजीत तयार असते. मग जी बाई साठ वर्षं मराठीत रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणत आली, तिचा निरोप तिला न कळणाऱ्या भाषेत होतो. माझं मत ठाम आहे. मेलेलं माणूस ज्या भाषेत प्रार्थना करायचं, ती मिस्सेची भाषा. उरलेल्यांची सोय नंतर.

सोय करता येते. माझी भावजय मंगळुरी, तिने विश्वासूंच्या प्रार्थनांतली (सगळ्यांच्या वतीने केलेल्या विनंत्यांतली) एक कोंकणीत म्हटली. भावाच्या ऑफिसातल्या माणसांसाठी एक इंग्रजीत. बाकी सगळं मराठीत. मराठी मिस्सा हवी हे फादरांना पहिल्याच फोनमध्ये सांगा, म्हणजे तसे फादर, तसा कॉयर आणि मराठी वाचनांचं पुस्तक जमवायला वेळ मिळतो.

वाचनं

शुभवर्तमानाआधी एक किंवा दोन वाचनं, मधे प्रतिसाद स्तोत्र. शुभवर्तमान फादर वाचतात, घरच्यांनी नाही. पास्काकाळ सोडून पहिलं वाचन बहुधा जुन्या करारातून घेतात. पास्काकाळात ते नव्या करारातलं असतं, प्रेषितांची कृत्ये किंवा प्रकटीकरण.

निवडीला पुष्कळ आहे. यशयाच्या पंचविसाव्या अध्यायातली डोंगरावरची मेजवानी, ज्या घरात सतत माणसं जेवून गेली त्या घरासाठी. खूप सोसून गेलेल्या माणसाला ईयोबाचा एकोणिसावा अध्याय. म्हातारपणी शांतपणे गेलेल्यांसाठी तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा चौथा, धाव संपवल्याचा. तरुण मृत्यूला मात्र तो वाचू नका. एका घरी वाचला गेला, बावीस वर्षांच्या मुलाला, आणि त्याच्या आईचा चेहरा मला अजून दिसतो. शुभवर्तमानात योहानाचा चौदावा अध्याय, पित्याच्या घरी पुष्कळ खोल्या आहेत तो, सगळ्यांचा आवडता. मत्तयाचा पंचविसावा त्या माणसासाठी ठेवा ज्याने खरोखर दुसऱ्यांना खाऊ घातलं असेल. नाहीतर गाव मनातल्या मनात हसतं.

आम्ही पहिलं वाचन ज्ञानग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायातून घेतलं. नीतिमानांचे आत्मे देवाच्या हाती आहेत, असं ते सुरू होतं. भावाने विमानतळावरून मोबाइलवर शोधलं आणि चिडून फोन केला, “असं पुस्तकच नाही बायबलमध्ये!” त्याच्या ॲपमध्ये प्रोटेस्टंट आवृत्ती होती, तिच्यात हा ग्रंथ नसतो. घरातल्या कुठल्याही बायबलवरून वाचन उतरवू नका, मिस्सेच्या वाचनांच्या पुस्तकातून घ्या. शब्दही तिथलेच वापरायचे असतात.

वाचायला माझी मुलगी, वय एकोणीस, शाळा इंग्रजी. मराठी बोलते फडाफडा, वाचते ठेचकाळत. रविवारी रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही बसलो. मी उतारा मोठ्या अक्षरात पुन्हा लिहिला, एका ओळीत चार-पाच शब्द, जिथे श्वास घ्यायचा तिथे लाल पेनने उभी रेघ. जोडाक्षरं फोडून दाखवली. ‘भट्टीतल्या सोन्यासारखं पारखलं’ या ठिकाणी ती थांबली. “भट्टी म्हणजे बेकरीची?” आई रोज सकाळी ज्या बेकरीतून पाव आणायची, तीच तिच्या डोळ्यांपुढे. सोनाराची हे मला सांगायचं होतं, पण म्हटलं, हो, तीच धर. त्यानंतर तिचा आवाज त्या शब्दावर एकदाही अडला नाही. सात वेळा वाचून घेतलं. दुसऱ्या दिवशी माईकपाशी तिचे हात कापत होते, पण लाल रेघांवर ती बरोबर थांबत गेली.

वाचणारा निवडताना नात्याचा मान बघू नका, रडू आवरेल का ते बघा. आणि एक राखीव वाचक पहिल्या बाकावर बसवा, हातात तोच कागद देऊन.

गाणी कॉयरवर सोपवलीत तरी चालतं. फक्त प्रतिसाद स्तोत्र सगळ्यांना येणारं घ्या. तेविसावं, मेंढपाळाचं, कुणीही म्हणू शकतं. उपवासकाळात ‘आलेलुया’ नसतो, हे बाहेरगावच्या हौशी गायकाला आधी सांगून ठेवा. रेकॉर्ड केलेलं सिनेमाचं गाणं देवळात नाही. बाबांना आवडायचं म्हणून लावायचंच असेल तर आदल्या रात्री घरी लावा.

बोलायचं कुणी, किती

मिस्सेतलं प्रवचन हे मृताचं गुणगान नव्हे. ते शास्त्रपाठावर असतं आणि फादरच करतात. घरच्यांपैकी एकाला, ख्रिस्तप्रसादानंतरची (पवित्र भाकर वाटून झाल्यावरची) प्रार्थना झाली की, निरोपाच्या विधीआधी थोडं बोलता येतं. एकाला, थोडं. फादरांनी मला सांगितलं होतं, एक पान, लिहून. मी मामांना सांगितलं, “मामा, तीन मिनिटं.” लिहून घ्या म्हणायचं धाडस झालं नाही, वडीलधारे ना. मामा उभे राहिले आणि बोटीच्या वाटणीवरून आजोबांच्या काळात झालेल्या भांडणापर्यंत पोचले. त्या भांडणातली दुसरी बाजू चौथ्या बाकावर बसलेली. फादरांनी धुपाटणं हातात घेऊन ते हळूच हलवायला सुरुवात केली, तेव्हा मामांच्या लक्षात आलं.

सगळ्या आठवणींची जागा आदल्या रात्री घरी आहे. आमच्याकडे रविवारी रोझरी झाली, चहा-खारी फिरली आणि अंगणात खुर्च्या टाकून लोक एक वाजेपर्यंत बोलले. शेजारच्या कोळणीने आईने तिला बाळंतपणात महिनाभर पेज पोचवल्याचं सांगितलं, ते आम्हा भावंडांना ठाऊकच नव्हतं. मामाही तिथे तासभर बोलले आणि सगळे हसले. बोट, भांडण, सगळं तिथे शोभलं.

पेटी, गल्ली आणि दोन गोराया

हे कुठल्या पुस्तिकेत मिळणार नाही. गावठाणातलं घर असेल तर आधी टेप घेऊन दार, जिना आणि गल्लीचं वळण मोजा. आमच्या पेटीवाल्याने फोनवर सांगितलं, “सगळीकडे जाते ही.” पितळी कड्यांची लांबलचक पेटी आली आणि आतल्या खोलीच्या दारात अडकली. उभी करावी लागेल म्हणाले. माझा भाऊ तोवर शांत होता, तेव्हा पहिल्यांदा ओरडला. शेवटी आईला चादरीवरून ओट्यावर आणलं आणि पेटीत तिथे ठेवलं, जिथे ती बोंबील निवडत बसायची. पुष्कळ पॅरिशमध्ये आता पेटीविना, पांढऱ्या कापडात पुरण्याची पद्धत आली आहे. आमच्यासारख्या गल्ल्यांत ती जास्त बरी असं मला वाटू लागलंय.

दुसरं, पत्ता. बोरिवलीत खाडीच्या अलीकडे गोराई आहे आणि पलीकडे गोराई गाव. शववाहिनीचा ड्रायव्हर अलीकडच्या जेट्टीवर जाऊन उभा राहिला. फेरीबोटीत शववाहिनी जात नाही. दहिसर, भाईंदर, उत्तन असा वळसा घालून यावं लागतं, दीड-दोन तास सहज. ‘गोराई गाव, उत्तनमार्गे’ असं लिहून पाठवा. माणसं मात्र बोटीने येतात, म्हणून मिस्सेची वेळ धरताना परतीच्या बोटी जेट्टीवर विचारून घ्या. आम्ही व्हॉट्सॲपवर हे पाठवलं होतं, हवं तर उचला:

‘आमची आई (गावातलं नाव, वय) शुक्रवारी रात्री ख्रिस्तवासी झाली. रविवारी सायंकाळी 7 वाजता घरी रोझरी. सोमवारी दुपारी 3 वाजता घरून निघू, 3.30 वाजता तीन राजांच्या देवळात मराठीतून मिस्सा, नंतर दफन. बोरिवलीहून येणाऱ्यांनी फेरीबोटीने यावे. गाडीने येणार असाल तर भाईंदर-उत्तन रस्ता. हारांऐवजी मेणबत्ती आणली तरी पुरे.’

देवळात काय काय होतं

दारात फादर पेटीवर पवित्र पाणी शिंपडतात आणि वर पांढरं वस्त्र घालतात. ते बाप्तिस्म्याच्या वस्त्राची आठवण असते, म्हणून त्याच्यावर फुलांचे ढीग रचू नका. वस्त्र देवळाचं असतं, दफनाआधी काढून घेतात. पेटीजवळ पास्काची मोठी मेणबत्ती पेटते. सामान्य माणसाचे पाय वेदीकडे ठेवायची रीत आहे, धर्मगुरूचं डोकं वेदीकडे. वाहून आणणाऱ्या पोरांना हे आधी सांगा, ऐन वेळी पेटी फिरवताना बरं दिसत नाही.

अर्पणात भाकर आणि द्राक्षारस न्यायला दोन नातवंडं पुरतात. आईचा चष्मा, रोझरी, फोटो यांना दाराशी छोटं टेबल मांडा. अर्पणात त्यांची मिरवणूक नको, असं आमच्या फादरांनी सांगितलं आणि मला ते पटलं. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी हिंदू शेजारी आदराने रांगेत येऊन उभे राहतात आणि मग अवघडल्यासारखं होतं. सुरुवातीलाच माईकवर गोड शब्दांत सांगायला लावा: ख्रिस्तप्रसाद कॅथलिकांसाठी, बाकीच्यांनी बसून आमच्याबरोबर प्रार्थना करावी.

शेवटी निरोपाचा विधी: पुन्हा पवित्र पाणी, धूप, गाणं, आणि पेटी बाहेर. कबरीपाशी प्रार्थना छोटी असते. मूठभर माती सगळ्यांनी टाकायची. कबरीचं मात्र आधीच विचारून ठेवा. मुंबईत जागा कमी, त्यामुळे बहुतेक कबरी काही वर्षांनी पुन्हा उघडतात आणि अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. बाबांच्या कबरीत आईला ठेवता येईल का, याचं उत्तर सिमेट्रीच्या वहीत असतं, नातेवाइकांच्या आठवणीत नाही.

दहन करायचं असेल तर चर्चची 1963 पासून मुभा आहे, दफन अधिक पसंत असलं तरी. शक्यतो मिस्सा आधी, देह समोर असताना. अस्थी समुद्रात सोडायच्या नाहीत, घरात कपाटावरही ठेवायच्या नाहीत. 2016 साली रोमहून आलेल्या सूचनेत हे स्पष्ट केलं आहे. सिमेट्रीत कोनाडा मागा.

पैशांचं थोडक्यात. पॅरिशचं देणं, कॉयर, बँड, पेटी, शववाहिनी, खड्डा खणणारे, या सगळ्यांचा हिशेब एकाच माणसाकडे द्या, आणि तो रडणाऱ्यांपैकी नको. आमच्याकडे जावयाने केला. परिस्थिती नसेल तर फादरांना तसं सांगा. पैशांअभावी कुणाचा अंत्यविधी अडवू नये हा चर्चचाच नियम आहे.

सातव्या दिवसाची आणि महिन्याची मिस्सा त्याच आठवड्यात ऑफिसात लिहून या, नंतर तारखा भरतात. नोव्हेंबरची दोन तारीख सगळ्या मृतांची, त्या दिवशी तर सिमेट्रीत पाय ठेवायला जागा नसते. मिस्सेचा हेतू (मिस्सा कुणासाठी ते) लिहिताना मी आईचं बाप्तिस्म्याचं नाव दिलं आणि पुढे गावातलं नावही लिहायला लावलं. क्लार्क म्हणाला, एवढं मोठं मावत नाही. मी म्हटलं, दोन ओळींत लिहा. नाहीतर महिन्याच्या मिस्सेला फादर नाव वाचणार आणि गावातल्या बायका एकमेकींना विचारणार, ही कोण?

कबरीवर लगेच संगमरवर बसवू नका. माती पहिल्या पावसात खचते, लादी तिरकी होते. वर्षभर थांबा. आईच्या कबरीवर अजून साधा लाकडी क्रूस आहे. त्यावर नाव मुलीने रंगवलंय, देवनागरीत, जरा वाकडंतिकडं. दिवाळीनंतर मिस्त्रीला बोलवायचंय.